करवलीचं पोलकं

चहा गार करू नका, घ्या. सांगतो मी, पण एका अटीवर. हसायचं ते शेवटी. मध्येच कुणी हसलं तर मी इथंच उठून जाईन.

चोवीस वर्षं फौजेत टेलर होतो मी. साध्या जवानापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या छात्या माझ्या टेपखालून गेल्यात. परेडला उभी राहिलेली पलटण बघून मी सांगायचो, तिसऱ्या रांगेतल्या चौथ्या गड्याची पँट मी शिवलेली नाही म्हणून! पेन्शनीत आलो आणि दहिवडीच्या अलीकडं आमच्या गावात दुकान टाकलं. शर्ट आणि पँट. बाकी कशाला हात लावला नाही. गावात लहानथोर सगळी मला मास्तर म्हणतात. आणि अशा माणसाची अब्रू घालवली कुणी? नऊ वर्षांच्या पोरीच्या पोलक्यानं! तीही भर लग्नात, व्याह्यांच्या देखत.

ही पोरगी म्हणजे ईश्वरी, माझ्या थोरल्या लेकाची लेक. पळण्यात शाळेत पहिली, बोलण्यात त्याच्या वरची, पण अंगानं लय बारीक. खात नाही असं नाही हो! माझ्याबरोबर बसते आणि माझ्यानंतर उठते. ते जातं कुठं, देवालाच ठाऊक. तिच्यासाठी नऊ वर्षांचा फ्रॉक आणला की तो खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. सात वर्षांचा आणला तर रुंदीला नीट बसायचा, पण गुडघे उघडे. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा तिच्या आईला, आमच्या वैशालीला, विचारायचा, "पोरीला खायला घालता का न्हाई?" ती बिचारी आत जाऊन रडायची.

तेवढ्यात माझ्या धाकट्याचं लग्न ठरलं. मुलगी जतची. करवली म्हणून पाण्याचा करा घेऊन नवरदेवाच्या मागं उभं राहायचा मान ईश्वरीचा. एक दिवस शाळा सुटल्यावर दप्तरासकट दुकानात आली.

"आबा, एक मागू?"

"माग की."

"मला लग्नात आंगाबरूबर बसनारं पोलकं शिवा. ढगळं नगं. फोटो बघून समदी मला काडी म्हनत्यात."

"कोन म्हनतंय?"

"समदीच. तुमी पन म्हनता कवा कवा."

म्हणलं, "बाळा, असं पोलकं शिवतो की साऱ्या मांडवानं बघत ऱ्हावं."

घरी आलो तर हिनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, पेटीच्या तळातून एक खण काढून माझ्या हातावर ठेवला. तिच्या आईनं दिलेला, इतकी वर्षं जपून ठेवलेला.

"आवं, ह्यो एकच हाय. चुकला तर दुसरा न्हाई. तुमी बायकांचं कवा शिवलंय का?"

"अगं, ज्यानं साहेबाचा कोट शिवला, त्याला पोलक्याचं काय सांगतीस?"

"कोट निराळा आन पोलकं निराळं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. बाई कमी बोलते, पण बोलली की ध्यानात ठेवावं. मी नाही ठेवलं.

वैशालीनं पूर्वी शिवणाचा क्लास केला होता. तिच्याकडं वयाप्रमाणं कागदी कटिंग कापून ठेवलेली होती. त्यातलं नऊ वर्षांचं मागून घेतलं. त्याची छाती सव्वीस, आमच्या पोरीची बावीस. आता बारीक पोरासाठी कटिंग कसं कमी करायचं, हे मला काय शिकवायचंय? उंची आहे तशी ठेवायची आणि घेर उतरवायचा. बगलेकडून कमी केलं. खांदा आत घेतला. वैशाली म्हणाली, "मामंजी, गळा वर घ्या, तिच्या गळ्याची हाडं दिसत्यात." घेतला वर.

मग बघतो तर काय, पाठीच्या कागदाला मधोमध इंचभर पट्टी जादा! म्हणलं, बघा हे क्लासवाले. बारीक पोरीला हे वाढीव कापड कशाला? मारली कात्री! पाठ घडीवर सलग कापली. मध्ये शिवण नाही, जोड नाही, खणाची नक्षी कशी या बगलेपासून त्या बगलेपर्यंत अखंड. मी मलाच शाबासकी दिली.

बघा, बघा, तिकडं बायका आत्तापासून पदर तोंडाला लावायला लागल्या. वहिनी, दम धरा की! अजून लग्न लागायचंय.

फौजेतली आमची पद्धत अशी, की ट्रायल माणसाच्या अंगावरच घ्यायची. ईश्वरीला उभी केली. "सावधान!" म्हणल्याबरोबर पोरगी ताठ. पुढचा तुकडा पुढून लावला, पाठीचा पाठीमागून, आणि खांदे, बगला सगळं तिच्या अंगावरच कच्चं टाचलं. काय बसलं होतं म्हणून सांगू! एक चुणी नाही, एक झोळ नाही. पोरीनं आरशात बघितलं, बाजूला वळून बघितलं, आणि नुसतीच हसली. मला त्या हसण्यात सगळं मिळालं. मग खांद्याचे टाके उसवून पोलकं उतरवलं, मशीनवर पक्कं मारलं, इस्त्री करून पिशवीत घातलं आणि घरादाराला हुकूम दिला, लग्नाच्या सकाळपर्यंत पिशवीला कुणी हात लावायचा नाही.

लग्न विट्याला होतं, जतकरांना आणि आम्हाला दोघांनाही सोयीचं. मुहूर्त साडेबाराचा. अकराच्या सुमारास बायकांच्या खोलीत आवराआवरी चाललेली आणि मी फेटा बांधून दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेलो. पोलकं घालून पोरगी बाहेर येईल तेव्हा पहिलं मी बघणार, असं ठरवून!

आतून वैशालीचा आवाज आला, "मामंजी, पोलकं जाईना."

"जाईल, जाईल. अंगाबरोबरचं हाय, जरा जपून घाल."

थोड्या वेळानं हिचा आवाज. "आवं, खरंच जाईना! पोरगी हात वर करून अडकून बसलीया."

मग खणाच्या आतून, कोंडल्यासारखा, ईश्वरीचा आवाज. "आबा, ह्येच्यात शिरायचं कुठनं?"

"गळ्यातनं गं! कापडात आनि कुठनं शिरत्यात?"

तरी जाईना. आता खरं सांगतो, त्या वेळी मी उठून ते पोलकं बाहेर मागवायला हवं होतं. पण चोवीस वर्षांची नोकरी बोलली माझ्या तोंडातून. "माझं माप चुकत न्हाई," मी दाराला तोंड लावून म्हणलो. "पोलकं बरोबर हाय. पोरीनंच अंग धरलंय!"

आणि आत जो गलका उठला!

"काय म्हनता? अंग धरलं?" वैशाली रडायलाच लागली, आनंदानं हो! "धा दिवसांत भरली माझी बाय! लाडू लागू पडलं!"

"कुठलं लाडू? रोज सकाळी मी दूध-अंडं पाजतीया, त्येचा गुन हाय," ही म्हणाली.

"आत्याबाई, डिंकाचं लाडू मी केल्यात."

"आन डिंक कुनी निवडला?"

झालं, श्रेयावरून सासू-सुनेची जुंपली. तोवर विहीणबाई आत गेल्या. जतच्या बाई, आवाज खणखणीत, अंगानं भरलेल्या आणि मनानं मोकळ्या. "माझा नातू बी लय वाळका हाय, मला लिहून द्या ते लाडवाचं," असं म्हणाल्या. एकीनं वही काढली. दुसरीनं दृष्ट काढायला मीठ-मोहरी मागवली. निरोप मांडवात पोचला आणि माझे मेहुणे लांबून हात वर करून मला म्हणाले, "मास्तर, अभिनंदन!" मी पण मान हलवून अभिनंदन घेतलं. का घेतलं, विचारू नका.

पोरगी तेवढी म्हणत होती, "आगं पन मी भरली न्हाई!" तिचं कोण ऐकतंय?

शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "आवो, मग वजनच करा की! सैपाकात काटा हाय."

सगळी वरात भटारखान्यात. साखरेचं पोतं उतरवून आचाऱ्यानं काटा मोकळा केला आणि ईश्वरीला परकर आणि शमीजवर उभी केली. शाळेत आठ दिवसांपूर्वी वजन झालं होतं, एकोणीस किलो. सगळ्या बायका वाकून बघतायत. काटा थांबला.

एकोणीस.

"ह्यात इरकलीचा परकर बी हाय," आचारी हळूच म्हणाला.

वैशालीचा चेहरा असा उतरला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. हिनं मात्र पोलकं माझ्या हातात दिलं. "आता तुमी घालून दावा."

मी पोलकं पुढून बघितलं. बंद. मागून बघितलं. बंद. आत हात घालून चाचपलं. आणि डोक्यात उजेड पडला. अहो, ती पाठीची जादा पट्टी! हुक लावायला ठेवलेली असते ती! मी जन्मभर शर्ट शिवलेले, पुढचे भाग मुळात दोन, बटणं लावली की झालं. कापड माणसाच्या अंगात जातं कसं, याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. आणि वर घेतलेल्या त्या गळ्यातून डोकं जाणार कसं? पोरगी बारीक असली म्हणून डोकं कुठं बारीक असतं!

"मास्तर," आचारी म्हणाला, "घर झ्याक बांधलंय. दार ऱ्हायलं."

आता हसायचं तर हसा. भटारखान्यात हसलेच सगळे. ईश्वरी तेवढी हसली नाही. बाहेर भटजींनी करवलीला हाक मारली होती. माझ्या लेकीची सिया घागरा घालून तयारच होती, म्हणत होती मी धरते करा. ईश्वरी माझ्याजवळ आली, अगदी हळू आवाजात म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या. म्या जुना फ्रॉक घालते. ढगळा असला तरी चालंल. करा धरायला सियाला नगा सांगू पन."

सगळं हसणं परवडलं, पण पोरीनं मला सांभाळून घ्यावं?

"कात्री आण," मी आचाऱ्याला म्हणलो. त्यानं मसाल्याच्या पुड्या कापायची कात्री दिली. हिनं माझं मनगट धरलं. "आवं, एकच खण हाय!" पण मी थांबलो नाही. गळ्यापासून कंबरेपर्यंत पाठ मधोमध सरळ कापली. जी पाठ अखंड ठेवली म्हणून मी मलाच शाबासकी दिली होती, तीच. शिंप्याच्या कोटाच्या आतल्या बाजूला ओवलेली सुई असतेच. पोरीला पुढून पोलकं घातलं आणि म्हणलं, "सावधान!"

"आबा, टोचंल का?"

"हाललीस तर टोचंल."

श्वाससुद्धा हळू घेत उभी राहिली पोर. मी गुडघ्यावर बसून तिच्या पाठीवर टाके घालत गेलो. फौजेत गाडी सुटायच्या आधी कुणाकुणाची पँट अंगावरच शिवलीय, पण इतके बारीक टाके कधी घातले नव्हते. भटजींची तिसरी हाक आली आणि मी शेवटची गाठ मारून दोरा दातानं तोडला.

मांडवात गेली तेव्हा, खोटं नाही सांगत, लोकांनी नवरदेव सोडून करवलीकडं बघितलं. अंगाबरोबर, नीट, ताठ. करा धरून अशी उभी राहिली, की मंगलाष्टकं कधी झाली मला कळलंच नाही. अक्षता हातातच राहिल्या. वैशालीनं शेजारच्या बाईला सांगितलेलं मी ऐकलं, "माझी लेक बारीकच हाय. पन दिसती कशी बघा!" आणि या खेपेला ती रडली नाही.

जेवणं झाली. मी पान खात बसलो होतो. ईश्वरी चार जिलब्या खाऊन माझ्या मांडीला टेकून उभी होती. विहीणबाई मुद्दाम उठून माझ्याकडं आल्या. माझा फेटा आपोआप ताठ झाला.

"व्याही, झालं गेलं जाऊ द्या. फिटिंग मातुर लय झ्याक बसवलंय. असं फिटिंग आमच्या जतला कुनाला जमत न्हाई. माझं बी एक झंपर शिवून द्या की."

"आवो, द्या की कापड!" मी म्हणलो. आजूबाजूला ऐकायला चार लोक आहेत ना, तेही बघून घेतलं. "तुमचं माप मी नुसतं बघून सांगतो."

ईश्वरीनं त्यांचा पदर ओढला. पोरगी खरं बोलणारी, माझ्यावरच गेलीय.

"आज्जी, शिवून घ्या, पन आधी सांगते. आत गेल्यावर भाईर येता येत न्हाई. मला आबा आता घरी नेऊन उसवनार हायेत."

विहीणबाईंनी तिला वळवून तिची पाठ बघितली. गळ्यापासून खालपर्यंत माझे टाके मोजल्यासारखे निरखले. मग माझ्याकडं बघून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या, व्याही. आमच्याकडं पानी टँकरचं असलं, तरी मी आंगुळ रोज करती!"