डायलिसिसचा मेसेज

मंडळी, आजचं हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हिंगोलीतल्या आमच्या लहानशा दवाखान्याचा सर्व्हर मी सांभाळते. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या डायलिसिसच्या पेशंटना मेसेज जातात. इतकी वर्षं मी आधी यादी वाचायचे, कुणी वारलं असेल तर त्यांचं नाव हळूच काढायचे आणि मगच कमांड द्यायचे.

मागच्या आठवड्यात इंजिनिअरने नवा शेड्युलर बसवला. कोणतं काम किती वाजता होणार, सगळं ब्राउझरमध्ये दिसतं. आता मेसेज आपोआप जातात. त्याने विचारलं तेव्हा मी सगळी कामं सांगितली, फक्त नावं काढणं सांगायचं राहिलं. ते मला कधी काम वाटलंच नव्हतं.

आज सकाळी स्क्रीनवर प्रत्येक कामापुढे हिरवी खूण होती. मी ती समाधानाने बघत असतानाच कळमनुरीहून शबानाचा फोन आला. तिचे अब्बा आमच्याकडे डायलिसिसला यायचे; ते शुक्रवारी गेले, हे मला माहीत होतं.

"मॅडम, अब्बाला मेसेज काहून पाठवला? अम्मीच्या ध्यानात राहत न्हाई आता. मेसेज पाहून चादर, डबा, सगळी पिशवी भरून दारात बसून राहिली ती. कंप्युटरला न्हाई कळत, तुमाला तर कळते ना?"

मी माफी मागितली. बोलता बोलताच यादीतून त्यांचं नाव काढलं. पण तिकडे अम्मींनी फोन ओढून घेतला होता.

"मॅडम, इनको नौ बजेच लाऊं ना?"

शेवटी शबानानेच त्यांच्या हातून फोन घेऊन ठेवला.

तुम्ही असता तर त्यांना काय सांगितलं असतं?