शालूताईची गोष्ट, माझा माइक

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. टोरोंटोत ज्या विनोदांवर मी पोट भरतो, ते माझे नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचे, शालूताईचे आहेत. ती कामठीत राहते, दर रविवारी फोनवर गल्लीतल्या गोष्टी सांगते, आणि मी त्या इंग्रजीत करून स्टेजवर सांगतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्या गोष्टींत एक बावळट बाई असते, आणि इथं मी तिची ओळख ‘माझी बहीण’ अशी करून देतो.

सुरुवातीला मी इथं गोदामात खोकी उचलायचो. एका हॉटेलच्या मागच्या खोलीत कुणालाही पाच मिनिटं माइक देत. थंडीवरचे, व्हिसावरचे माझे विनोद लोक शांतपणे ऐकत आणि बिअर पीत. एकदा घाबरून ताईची गोष्ट सांगितली, तिच्यात ताईलाच येडी केली, आणि पहिल्यांदा हशा झाला. पुढे खोकी सुटली. गोष्टीतली येडी ताई काही सुटली नाही.

यंदा जानेवारीत नागपुरातून बोलावणं आलं. कार्यक्रम मराठीत. ताई येणार, हे न विचारताच ठरलेलं होतं.

नागपूरला मी उतरलो, बॅग उतरली नाही. हात हलवत बाहेर आलो. कोवळं ऊन, अंगाला झोंबेल न झोंबेल असा गारवा. कामठीसाठी ऑटो केला.

‘‘काय करता तिकडं?’’ ड्रायव्हरनं आरशातून विचारलं.

‘‘लोकांना हसवतो.’’

‘‘त्याच्यासाठी विमानानं जा लागते का? इथं तं आमी सिग्नलवर उभ्या उभ्या हासून राहिलो.’’ मग म्हणाला, ‘‘सांगा ना एखादं.’’

मी मनातल्या मनात पुष्कळ शोधलं. जे जे सापडलं, ते ताईचं.

‘‘राहू द्या, थकले असान,’’ त्यानंच मला सोडवलं.

वाटेत टपरीवर तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा जाळ रस्सा) खाल्ले. जिभेची सवय गेलेली. उचकी लागली ती थांबेना. टपरीवाली म्हणाली, ‘‘पाणी नोका पिऊ, भाऊ. अजून एक प्लेट खा. तर्रीले तर्रीच उतरवते.’’ खाल्ली. उतरली की नाही कोण जाणे, पण पोट भरलं.

छावणीतली चुना लावलेली झाडं मागे पडली आणि विणकरांच्या गल्ल्या लागल्या. घर दिसायच्या आधीच लूमची खटखट ऐकू आली. ताई ओट्यावर कांड्या (दोऱ्याची रिळं) भरत बसली होती.

‘‘काहून गा दिनू, वाळला तू! विमानात जेवाले देत नाही का?’’

‘‘बॅग हरवली, ताई.’’

‘‘तू पोचला ना? बॅगेले काय घर माहीत हाये!’’

जेवायला पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचं झणझणीत कालवण). जेवता जेवता मी मुद्दाम लूमच्या मालकाची, शेठची गोष्ट काढली. ती मूळ कशी होती, हे मला पुन्हा ऐकायचं होतं.

‘‘शेठ वारला तं दुखवट्याले समदे लूम बंद,’’ ताई वाढता वाढता सांगू लागली. ‘‘आता ह्या गल्लीले खटखटीशिवाय झोप येते का? लेकरं रडून राहिली. शेजारची तं पाट्यावर वरवंटा ठोकून राहिली, पोरगं झोपावं म्हणून! शेवटी मीच गेली शेठच्या पोराकडं. म्हटलं, बाबू, लूम चालू कर. त्यानं आमचे लाल डोळे पाहिले अन् माह्या पायावर पडून रडाले लागला. ‘काकू, बाबावर एवढा जीव तुमचा!’’’

‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘काय म्हणीन? हो म्हटलं, बाबू, लय जीव. पण आता चालू कर, त्याच्या आत्म्याले शांती भेटन. झाले लूम चालू. भरदुपारी गल्ली झोपली.’’

मी हसलो. माझ्या इंग्रजी गोष्टीत पोरगा रडतच नाही. तिथं माझी बावळट बहीण सुतकाच्या घरात उभी राहून ‘मशीन कधी सुरू करता?’ असं विचारते, आणि लोक तिच्यावर हसतात.

कार्यक्रम धरमपेठेत, एका लहान सभागृहात. बॅग न आल्यामुळे मी भाऊजींच्या सदऱ्यात. ताई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिच्या गोष्टींवर ती सगळ्यांच्या आधी हसत होती. शेठची गोष्ट आली. ‘माझी...’ एवढं म्हणालो आणि जीभ अडली. ‘...माझी शेजारीण,’ असं म्हणून गोष्ट तिकडच्यासारखीच पुढे रेटली. सभागृह हसलं. एकटी ताई हसली नाही.

नंतर बाहेर पायरीवर चहा पीत बसलो.

‘‘गोष्टी तं आपल्याच होत्या,’’ ती खुशीत म्हणाली.

‘‘राग आला?’’

‘‘राग काहून? गोष्ट काय कोणाच्या बापाची असते? पण थे शेठवाली... त्यातली बाई येडी काहून केली तू?’’

‘‘लोक हसतात, ताई.’’

‘‘शेठच्या पोरावर नसते हासले? बाईनं तं अख्खी गल्ली झोपवली गा. येड्यावर कोणीबी हासवते.’’ चहाचा घोट घेऊन तिनं विचारलं, ‘‘कोण होय थे शेजारीण?’’

‘‘कोणी नाही. मनातली.’’

‘‘मंग बरं हाये. नाही तं आयकून वाईट वाटलं असतं तिले.’’

मी कप खाली ठेवला. बोलायची वेळ तीच होती. मी भाऊजींना हाक मारली आणि ऑटो बघायला सांगितलं.

टोरोंटोला परत आलो तेव्हा इथं बर्फ होतं. पहिल्याच कार्यक्रमात शेठची गोष्ट ताईनं सांगितली तशी सांगितली. पोरगा रडला, गल्ली झोपली. हशा उशिरा आला, पण आला. आणि तो त्या बाईवर नव्हता. मात्र तिला मी याही वेळी ‘शेजारीण’च म्हटलं. माझ्या बहिणीला हे लोक येडी म्हणून ओळखतात. तीच ही, असं म्हटलं असतं तर आधीचं सगळं उलगडून सांगावं लागलं असतं. नवा विनोद रचणं अवघड असतं असं मी समजत होतो. जुना दुरुस्त करणं त्याहून अवघड आहे.

रविवारी ताईचा फोन आला. बॅग कामठीला पोचली, म्हणाली, आणि ती आणून देणाऱ्या माणसाची नवी गोष्ट सांगू लागली. ती इंग्रजीत कशी होईल हे न शोधता मी नुसती ऐकली.

ती येडी बाई तूच होतीस, हे मला ताईला सांगायचं आहे. आणि गोष्टी माझ्या बहिणीच्या आहेत, हे इथल्या लोकांना तिचं नाव घेऊन सांगायचं आहे. दोन्ही अजून बाकी आहे.