अख्ख्या घराची शुगर

मला शुगर निघाली आणि घरात सगळ्यात आधी चार रंगांची पेनं आली. (उपाशीपोटी निळं, जेवणानंतर लाल. आजार झाला म्हणून काय शिस्त सोडायची?)

डॉक्टर म्हणाले होते, "आठवडाभर घरी तपासा. उतरली नाही, तर इन्सुलिन." बोटाला टोचायची मला गंमत वाटे, पोटाला टोचायचं म्हटलं की मात्र पाय गार पडत! पण रक्ताच्या थेंबावरून शुगर सांगणारं ते यंत्र भारी. भाकरीनं किती चढते, फिरून आल्यावर किती उतरते, सगळं कळे. आकडेही शहाण्यासारखे उतरत होते.

अशात भावानं चांदूर बाजारहून पेटीभर संत्री पाठवली. मी सगळ्यांना सोलून दिली, स्वतः एक फोड खाल्ली नाही. (केवढा त्याग!) मग तिथंच बसून बोट टोचलं.

"अहो, चारशे दहा!"

"कायचा भाव?" हे म्हणाले.

"माझी शुगर!"

सासूबाई संत्रं चोखत होत्या. "काहून वं, तुह्या तोंडात तं फोडबी नाई गेली! वासानंच चढली का?"

वासानं? असंही होत असेल? मला राहवेना. सुई बदलून ह्यांचं बोट धरलं. तीनशे नव्वद! हे मटकन खाली बसले. "मले तं काईच होऊन नाई राह्यलं!"

"आता मले पाह्य," सासूबाईंनी बोट पुढं केलं. त्यांचीही तीनशेच्या वर! "आमच्यात कोनालेच नोती! तुह्या माहेरची संत्री, तुह्या माहेरचीच बिमारी!"

ऑटो करून तिघंही दवाखान्यात. इन्सुलिन आता टळत नाही म्हणून मी रडवेली. ह्यांच्या हातात अजून संत्र्याची फोड! डॉक्टरांनी ती पाहिली.

"संत्री कोणी सोलली?"

"मी. पण खाल्ली नाहीत हो!"

"तपासण्याआधी हात धुतले?"

तिघांनीही आपापली चिकट बोटं पाहिली.

त्यांनी आम्हाला साबण देऊन बेसिनकडं पिटाळलं आणि पुन्हा टोचलं. ह्यांची ठीक, सासूबाईंची ठीक, माझी एकशे अठरा!

"बोटाला लागलेला रस मोजलात तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "इन्सुलिन नको. साबण पुरे."

आणि चिठ्ठीवर गोळ्यांच्याही वर त्यांनी ठळक लिहिलं: 'आधी हात धुणे.' ते वाचून ह्यांचं हसू थांबेना. कारण शाळेत रोज जेवणाआधी पोरांना रांगेत उभं करून त्यांचे हात तपासणारी बाई मीच!