नाण्यावरचा मोर
चिंचेने पितळ घासताना जो आंबूस वास येतो, त्याने मला डोंबिवलीच्या घरातली एक दुपार आठवते. बाबा फौजेतून निवृत्त झालेले. सीमेवरच्या चौकीत बसून जुन्या पितळी नाण्यावर खिळ्याने मोर कोरला, असं ते आम्हाला कायम सांगत. त्या दुपारी टिटवाळ्याहून त्यांचे पलटणीतले एक सोबती आले. मी कौतुकाने ते नाणं चिंचेने लख्ख घासून त्यांच्या हातात ठेवलं, तर त्यांचे डोळेच भरून आले. "अरे, माझा मोर! तू अजून सांभाळलास?" बाबा गोंधळले. "तुझा कसा? मी कोरलेला ना रे?" मग दोघं खिडकीशी जाऊन एकेक पीस निरखत राहिले, आणि दोघांनाही त्यात आपलाच हात दिसला. खोटं कोण बोलतंय, मला कळेना. सोबती निघाले तेव्हा बाबांनी नाणं त्यांच्या खिशात घातलं. पण सोबत्यांनी ते काढून गुपचूप आमच्या टीव्हीजवळ ठेवलं. ते गेल्यावर मी विचारलं, "बाबा, खरं सांगा, कोणी कोरलेला?" बाबा कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होते. "थंडीने हात बधिर व्हायचे गं, खिळा कधी कोणाच्या हातात होता, कोण जाणे," एवढंच म्हणाले. आता दोघंही नाहीत. माझी मुलगी विचारते, हा मोर कोणी काढला, तेव्हा मी कधी एकाचं नाव सांगते, कधी दुसऱ्याचं.