पिठीतलं नाव

आज मोदकांसाठी पिठी चाळत होते. तिचा वास आला आणि एक जुनं थडगं आठवलं.

दोन हजार चारमध्ये मी लेकीकडे होते, अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावी. शेजारची म्हातारी मार्था आपल्या मूळपुरुषाचा शोध घेत होती. तिथं इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचा तो शेतकरी. त्याची जमीन, गाई, सगळं कागदांत सापडलं, पण बायकोचं नाव कुठंच नव्हतं. एका शेताच्या कडेला दोघांची थडगी होती. तिथं ती आम्हाला घेऊन गेली.

बाईच्या दगडावरची अक्षरं झिजली आहेत, हे मी आधी ऐकलं होतं. जात्याच्या दगडावर छिन्नीनं घातलेले टाके पिठानंच उठून दिसतात. म्हणून बरोबर आणलेला पिठीचा डबा मी हळूच पिशवीतून काढला.

"आई, काय हे! एम्बॅरस नको ना करूस," लेक पुटपुटली.

मी पिठी चोळली. गार दगडावर पांढरी अक्षरं उमटली. "हॅना!" लेक मोठ्यानं वाचून गेली. मार्था रडायलाच लागली. मग माझा पिठाळ हात धरून तिनं माझं नाव विचारलं.

"सुशीला," लेकीनंच सांगितलं.

सुशीला हे सासरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं. माहेरचं लेकीला ठाऊकच नाही, आणि त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही.

आज ताटात पिठी पसरली, बोटानं लिहिलं, गोदावरी. मोदक राहिले. लेकीला फोन लावला.