स्वयंपाकघराची कडी

आमच्या जुईनगरच्या घरी दुपारी केबलवर पिक्चर लागायचा. आई पलंगावर, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन. भांडी घासायला येणारी मावशी उंबऱ्याशी, जमिनीवर, तिच्या वेगळ्या कपातला चहा घेऊन. ती जवळच्याच जुन्या गावातली, मिठागरात राबलेली. तो वेगळा कप मला तेव्हा खटकला नाही, हे लिहिताना लाज वाटते.

एके दिवशीच्या पिक्चरमधली मोलकरीण पुडीतलं काहीतरी दुधात मिसळून मालकिणीचं बाळ पळवते. तोवर पडद्यावरच्या त्या दोघी एकमेकींशी दूध आणि किल्ल्या सोडून अवाक्षर बोललेल्या नसतात. मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. मी मात्र बाळाजवळ सरकून बसले.

दुसऱ्या दिवशी आई रेशनला गेली. बाळ झोपलेलं. मावशीनं कनवटीची पुडी काढली आणि गॅसवरच्या भांड्यात रिकामी केली. नऊ वर्षांची मी, स्टुलावर चढले आणि स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली.

मावशी दार वाजवू लागली. बाळ उठून रडायला लागलं. मग आठवलं, आत गॅस पेटलाय. कडी काढायला गेले तर खाडीच्या हवेनं गंजलेली ती हलेना. जिला कोंडलं होतं तिलाच मी रडत हाका मारू लागले.

"घाबरू नको गो पोरी," ती आतून म्हणाली. "गॅस बन केलाय. मी हितंच हाय. तू आदी बालाला मांडीवर घे."

मी बाळाला घेऊन दाराला टेकून बसले. ती आतून गुणगुणत राहिली.

आईनं आल्यावर चपलेनं ठोकून कडी काढली. भांड्यात बाळंतशोपा होत्या, बाळाच्या पोटदुखीसाठी आईनंच मावशीकडून मागवलेल्या. कडी कुणी घातली, तिनं विचारलं.

"वाऱ्यानं दार आपटलं, वयनी," मावशी म्हणाली. "पडली कडी."

मी मान डोलावली. आईनं सुताराच्या नावानं बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीसारखीच हसत आली. भांड्यांना बसण्याआधी तिनं पाट उचलला आणि स्वयंपाकघराचं दार लागू नये असा चौकटीत आडवा सरकवला. मला माझीच भीती वाटली. ती आमच्याकडे होती तोवर तो पाट रोज तिथंच असायचा.