आडनाव न विचारणारे काका

आई चार घरची धुणीभांडी करायची, बाबा शाळेत शिपाई. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला शिकायला आले, तरी तिथल्या रिकार्टन भागातल्या दुकानांत आपलेच लोक विचारायचे, "आडनाव काय?" सांगितलं की चेहरे बदलायचे.

आमच्या होस्टेलचे म्हातारे केअरटेकर मूळचे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे. मी त्यांना काका म्हणायचे. ते कुणालाच आडनाव विचारत नसत. "आमच्याकडे त्यावरून माणूस कुठल्या बाजूचा, कॅथलिक की प्रोटेस्टंट, ते कळतं. मला नको कळायला."

तिकडचा संघर्ष मिटला कसा, हे शिकायला आमच्या वर्गाची सहल बेलफास्टला निघाली. "पंधरा दिवसांत शिकणार? आम्हाला अजून जमलं नाही," काका हसले. मग पाकिटातून बायकोचा फोटो काढून दिला. ती दुसऱ्या बाजूची, म्हणून काकांच्या सख्ख्या भावाने चाळीस वर्षं बोलणं टाकलेलं. गेल्या वर्षी ती वारली. "भावाला दे, पोरी. बोलला नाही तरी चालेल."

भावाने दार बोटभर उघडलं, फोटो घेतला आणि दार लावलं.

परत येऊन तसंच सांगितलं.

"फाडला नाही ना?"

"माझ्यासमोर तरी नाही, काका."

"स्वीट अ‍ॅज," झकास म्हणायच्या इथल्या ढंगात म्हणाले, आणि कितीतरी वेळ चुकीचीच किल्ली कुलपात फिरवत राहिले.

चाळीस वर्षांत भावाभावांत एवढं तरी झालं. एकाने फोटो पाठवला, दुसऱ्याने तो घेतला.